दर्शनी भिंत एक, बिऱ्हाडं दोन: रूझवेल्ट जोडघराचा प्लॅन कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं प्रबंधासाठी न्यूयॉर्कमधलं रूझवेल्ट कुटुंबाचं जोडघर निवडलंय. पत्ता ४७-४९, ईस्ट ६५वा रस्ता, मॅनहॅटन. बाहेरून एकच घर दिसतं, आत मात्र दोन आहेत. तिला विचारायचंय की असं का केलं, यात आर्किटेक्टचं कसब नेमकं कुठे दिसतं, आणि दर्शनी भाग इतका साधा असताना लिहायचं तरी काय?

दर्शनी भागावर एक परिच्छेद पुरे. खाली दगड, वर विटा, प्रमाणबद्ध खिडक्या, जॉर्जियन (अठराव्या शतकातल्या इंग्रजी घरांच्या) वळणाची शिस्त आणि दोन्ही घरांना मिळून रस्त्याकडे एकच दार. १९००च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या जुन्या श्रीमंतांना हेच हवं होतं. पाचव्या अॅव्हेन्यूवर नवश्रीमंतांचे महाल उठत होते, त्यांच्याशी आपली गल्लत होऊ नये असं वाटणाऱ्या माणसांचं हे घर आहे. एवढं लिहून दारातून आत शिरा. हे घर समजतं ते दोन बिऱ्हाडांमधल्या सामाईक भिंतीपाशी, आणि त्या भिंतीत किती दारं, कुठे आणि कुणाच्या सोयीनं ठेवलीत त्यावरून. प्रबंध त्यावर उभा करा.

आधी गिऱ्हाईक कोण ते बघू. फ्रँकलिन रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच, हा सारा डेलानो रूझवेल्ट यांचा एकुलता एक मुलगा. १७ मार्च १९०५ला त्याचं एलिनॉरशी लग्न झालं. त्याच वर्षीच्या नाताळात साराबाईंनी दोघांना एक चिठ्ठी दिली. तीत हातानं काढलेलं छोटंसं घर, त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर, आणि मजकूर असा की ही आईकडून नाताळची भेट. रस्ता आणि क्रमांक अजून ठरायचाय, रुंदी १९ किंवा २० फूट. माझ्या मते तुमच्या प्रबंधातलं पहिलं रेखाचित्र हेच असायला हवं. आर्किटेक्ट अजून ठरलेला नाही, जागा ठरलेली नाही, तरी घराची रुंदी ठरलीय आणि घर देणार कोण तेही ठरलंय. घर कुणी मागितलं याचा मात्र चिठ्ठीत उल्लेख नाही. पुढे साराबाईंनी जागा घेतली आणि एकाऐवजी दोन घरं बांधली, एक स्वतःसाठी आणि एक मुलासाठी. मालकी दोन्हींची त्यांच्याकडेच राहिली.

आता त्या १९-२० फुटांचा अर्थ. मॅनहॅटनची आखणी १८११च्या आराखड्यातून आली. त्या चौकटीत २५ फूट रुंद आणि १०० फूट खोल हा घराच्या प्लॉटचा रूढ हिशेब बसला. जमिनीचे भाव चढले तसे विकासक त्याच लांबीचे आणखी अरुंद तुकडे पाडू लागले. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची भिंत, म्हणजे उजेड आणि वारा फक्त पुढून आणि मागून. मधली खोली अंधारी, आपल्याकडच्या माजघरासारखी. पण माजघराला निदान चौकाचा आधार असायचा. न्यूयॉर्कच्या जुन्या ब्राऊनस्टोन, म्हणजे तपकिरी दगडाच्या दर्शनी भागाच्या, घरात तोही नव्हता. तिथे रस्त्यावरून उंच पायऱ्या चढून वरच्या दारात जायचं, मग एका कडेनं अरुंद बोळ आणि जिना, आणि उरलेल्या रुंदीत एकामागोमाग एक खोल्या. वीस फुटांतले सहा-सात फूट बोळाला गेले की दिवाणखाना तेराचा उरतो. तेरा फुटांत पाहुणे बसतात, पण मेजवानी होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला यावर एक चांगला तोडगा रुळला. तिथले लोक त्याला ‘अमेरिकन बेसमेंट’ प्लॅन म्हणतात. बाहेरच्या उंच पायऱ्या काढून टाकल्या आणि दार रस्त्याच्या पातळीला आणलं. जिना कडेवरून उचलून घराच्या मध्यावर, म्हणजे जिथे तसाही उजेड नव्हता तिथे ठेवला. त्यामुळे पुढची आणि मागची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण रुंदीची मिळाली. अरुंद घराचं गणित एका फटक्यात बदललं. रूझवेल्ट घरं याच पिढीतली आहेत, हे ध्यानात ठेवलंत तर प्लॅन वाचणं निम्म्यानं सोपं होईल. आणखी एक: अमेरिकेत तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. त्यांचा दुसरा म्हणजे आपला पहिला. विद्यार्थ्यांच्या शीटवर यामुळे दिवाणखाने हमखास एक मजला वर चढलेले मी पाहतो.

साराबाईंनी काम दिलं चार्ल्स प्लॅट यांना. हा माणूस वेगळ्याच वाटेनं आलेला. जन्म १८६१चा. सुरुवातीला एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापलेली चित्रं) करणारा आणि निसर्गचित्रं रंगवणारा कलावंत, शिक्षण पॅरिसमध्ये चित्रकलेचं. वास्तुकलेचं रीतसर शिक्षण नाही. इटलीतल्या जुन्या बागा त्यांनी हिंडून पाहिल्या, त्यांचे फोटो काढले आणि १८९४मध्ये त्यावर पुस्तक केलं. पुढे बागांची कामं आली, त्यातून बंगल्यांची. वॉशिंग्टनमधली फ्रीअर गॅलरी, १९२३मध्ये उघडलेली, त्यांचीच. बागेच्या आखणीतून आलेला माणूस खोलीकडे सुटी खोली म्हणून बघत नाही. एका जागेवरून पुढची जागा कशी दिसेल, अक्ष कुठे जाईल, हे आधी बघतो. दाटीवाटीच्या शहरात राहण्याच्या जागा बसवण्याचा सरावही त्यांना होता. ईस्ट ६६व्या रस्त्यावरची १३१-१३५ क्रमांकाची स्टुडिओ इमारत त्यांनी याच्या जरा आधी, १९०५-०६मध्ये केली होती. ती याच भागात आहे. जमलं तर दोन्ही शेजारी शेजारी मांडून बघा.

१९०७-०८मध्ये घरं बांधून झाली. १९०८ संपता संपता मंडळी राहायला आली.

आता दारातून आत जाऊ. रस्त्यावरचं दार उघडलं की लहानसा सामाईक प्रवेश लागतो आणि त्यात दोन दारं आहेत. एक ४७ क्रमांकाचं, साराबाईंचं. दुसरं ४९चं, मुलगा-सुनेचं. त्या दोन पावलांच्या जागेत प्लॅटनी मोठी गोष्ट साधलीय. रस्त्याला सांगितलं की हे एक घर आहे, पोस्टमनला सांगितलं की दोन आहेत. एरवी दोन अरुंद घरांच्या दोन पुढच्या बाजू केल्या असत्या तर दोन दारं, दोन अर्धवट रचना आणि मध्ये उभी फट, असं काहीतरी किरकोळ दिसलं असतं. एकत्र केल्यावर पूर्ण रुंदी हाताशी आली आणि तिच्यावर जॉर्जियन वळणाची रचना धड बसली. दर्शनी भागाला हा निर्णय शंभर टक्के मानवला. आत राहणाऱ्यांना किती मानवला, तो वेगळा विषय.

आत दोन घरं एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. प्रत्येकाचा जिना वेगळा, संसार वेगळा, नोकरचाकर वेगळे. पण जेवणाच्या आणि बसण्याच्या खोल्या सामाईक भिंतीशी अशा लावून ठेवल्यात की मधली दारं उघडली की दोन खोल्यांची जवळजवळ एक मोठी खोली होते. म्हणजे एकेकट्या घरात न मावणारी मेजवानी दोन्हीत मिळून मावते. स्वतः एलिनॉरनं, जिला या घराचं फारसं कौतुक असायचं कारण नव्हतं, प्लॅट यांना दाद दिलीय. घरं अरुंद होती, पण त्यांनी इंचन् इंच जागा कामाला लावली, अशा अर्थाचं तिनं आत्मचरित्रात लिहिलंय. राहणाऱ्याकडून आर्किटेक्टला मिळणारी ही दाद मी कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी मानतो.

इथे जरा बांधकामाकडे वळू या, कारण प्रबंधात हा भाग बहुतेक जण गाळतात. ओळीतल्या घरात पुढची आणि मागची भिंत फारसा भार घेत नाही. मजल्यांच्या तुळया या सामाईक भिंतीपासून त्या सामाईक भिंतीपर्यंत आडव्या जातात, म्हणजे भार सगळा कडेच्या भिंतींवर. मधल्या भिंतीवर तर दोन्ही घरांच्या तुळया टेकतात. शिवाय त्याच भिंतीच्या पोटातून शेकोट्यांची धुराडी वर जातात. आणि आग लागली तर एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ नये, ही जबाबदारीही तिचीच. अशा भिंतीला रुंद भोक पाडायचं म्हणजे वरचा दुहेरी भार पेलायला लोखंडाची तुळई, धुराड्यांना वळण, आणि आगीच्या दृष्टीनं कमजोर झालेली एक जागा कायमची पत्करणं. एका मजल्यावर भोक पाडलं तर वरच्या मजल्यावरचं भोक त्याच रेषेत ठेवणं शहाणपणाचं, नाहीतर भार उगाच नागमोडी उतरतो. छेद, म्हणजे घर उभं कापल्यासारखं चित्र, काढताना या भिंतीतली प्रत्येक फट एकाखाली एक मांडा. कुठली फट बांधकामाच्या तर्कानं आली आणि कुठली माणसांच्या हट्टानं, हे तिथेच दिसेल.

कारण दारं फक्त बैठकीच्या खोल्यांत नव्हती. वर, मुलांच्या झोपण्याच्या मजल्यावरही एक होतं. मेजवानीसाठी ठेवलेलं दार पाहुणे आले की उघडायचं आणि गेले की लावायचं. त्याला वेळ असते, निमित्त असतं. झोपण्याच्या मजल्यावरच्या दाराला ना वेळ, ना निमित्त. सासूबाई कधी या घरात असतील आणि कधी त्या, दिवसा की रात्री, याचा नेम नसे, असं एलिनॉरनं पुढे सांगितलं. राहायला आल्यावर काही आठवड्यांतच ती आरशासमोर बसून रडली. नवऱ्यानं विचारलं तेव्हा म्हणाली की जे घर कुठल्याच अर्थानं माझं नाही, त्यात मला राहावंसं वाटत नाही. तेव्हा ती २४ वर्षांची होती. घराचं नियोजन, सजावट, सगळं तिनं सासू आणि नवऱ्यावर सोडून दिलं होतं, हेही तिनंच प्रामाणिकपणे लिहिलंय.

सासू-सुनेची गोष्ट म्हणून याकडे बघू नका. ती गोष्ट चरित्रकारांनी पुरेशी चघळलीय. प्लॅनच्या भाषेत बघा: एकाच भिंतीतली दोन दारं, आणि दोघांचा अर्थ पूर्ण उलटा. एकानं घर मोठं केलं, दुसऱ्यानं घर काढून घेतलं. प्लॅट यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. गिऱ्हाईक साराबाई होत्या, पैसे त्यांचे, आणि मागितलं ते त्यांनी उत्तम करून दिलं. पण आपल्याकडे कुणी दोन पिढ्यांसाठी लागून लागून घरं मागायला येतं, तेव्हा मी पहिल्याच बैठकीत विचारतो की मधल्या दाराची कडी कुणाच्या बाजूला बसवायची. खोल्यांच्या मापांवर तासभर चर्चा करणारी मंडळी या प्रश्नाला गप्प होतात. आणि जो गप्प होतो, त्याला वेगळं बाजूला घेऊन बोलावं लागतं.

घराचा पुढचा इतिहास भरभर सांगतो. फ्रँकलिन १९११मध्ये राज्याच्या सेनेटवर गेल्यावर कुटुंब ऑल्बनीला आणि मग वॉशिंग्टनला हललं, तेव्हा ४९ क्रमांक भाड्यानं दिलेला होता. ऑगस्ट १९२१मध्ये कॅम्पोबेलो बेटावर त्याला पोलिओ झाला आणि इस्पितळातून तो याच घरी आला. इथे घरातली एक साधी गोष्ट अचानक मोलाची ठरली: लिफ्ट. बांधताना ती श्रीमंती सोय होती. आता तिच्यामुळेच चालू न शकणारा माणूस उभ्या, अरुंद घरात मजले बदलू शकत होता. त्याच काळात त्याचा राजकीय सल्लागार लुई हाऊ घरात राहायला आला. त्याला खोली द्यायची म्हणून पंधरा वर्षांच्या अॅनाला मागच्या लहान खोलीत हलवलं, त्यावरून घरात मोठा रुसवा झाला. साराबाईंचं म्हणणं, मुलानं हाइड पार्क गावातल्या कुटुंबाच्या घरी जाऊन शांत आयुष्य काढावं. एलिनॉर आणि हाऊ यांचं म्हणणं, राजकारण सोडायचं नाही. एवढा मोठा वाद, आणि दोन्ही बाजू एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड. १९३२च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर मंत्रिमंडळाची जुळवाजुळव फ्रँकलिननं इथूनच केली. फेब्रुवारी १९३३मध्ये फ्रान्सिस पर्किन्स इथे भेटायला आल्या त्या किमान वेतन, बालकामगारांवर बंदी, बेकारी विमा, वृद्धांसाठी निवृत्तिवेतन अशी यादी घेऊनच. या मागण्यांना पाठिंबा असेल तरच मजूरखातं घेते, ही त्यांची अट होती. ती मान्य झाली आणि अमेरिकेला पहिली महिला मंत्री मिळाली.

तुलनेसाठी एक उदाहरण घ्या, नाहीतर प्रबंध एकाच कुटुंबाची कहाणी होऊन बसेल. ब्रसेल्समध्ये सेंट-गिल भागात आर्किटेक्ट व्हिक्टर हॉर्टा यांचं घर आणि स्टुडिओ आहे, रू अमेरिकेन २३ आणि २५. हॉर्टाही १८६१चेच. त्यांनी १८९८ ते १९०१ या काळात शेजारच्या दोन प्लॉटवर हे बांधलं: २५ला राहतं घर, २३ला ऑफिस आणि स्टुडिओ. अडचण तीच. ब्रसेल्सचं नेहमीचं घरही साधारण सहा मीटर रुंद, एका कडेनं बोळ-जिना, तीन खोल्या एकामागोमाग आणि मधली अंधारी. हॉर्टांनी जिना मध्यावर आणला आणि त्याच्या डोक्यावर वक्र काचेचं छप्पर घातलं. पिवळसर आणि पांढरी काच, दोन्ही बाजूंना समोरासमोर आरसे. जिना चढता चढता उजेड सोनेरी होत जातो आणि वर पोचलं की आरशात आरसा असा शेवट न दिसणारा दिवा. लोक वेलबुट्टीच्या कठड्याचे फोटो बघतात. मी म्हणेन छेद बघा.

जेवणघराच्या भिंती आणि छत पांढऱ्या, झिलई दिलेल्या विटांचं आहे. ही वीट त्या काळी अंधारे चौक, कारखाने, अशा ठिकाणची, कारण ती उजेड परतवते आणि पुसली की स्वच्छ होते. श्रीमंताच्या जेवणघरात ती आणणं हे धाडसच. छताकडे पाहिलंत तर लोखंडी कमानींवर टेकलेल्या विटांच्या उथळ कमानी दिसतील. मुंबई-पुण्याच्या जुन्या सरकारी इमारतींत जॅक आर्च ज्यांनी पाहिलीय त्यांना हे तंत्र लगेच ओळखू येईल. आपल्याकडे ती गिलाव्याखाली किंवा चुन्याच्या रंगाखाली असते, इथे मेजवानीच्या डोक्यावर दिमाखात उघडी. त्याच खोलीत विटांना लागून गुळगुळीत लाकूडकाम, खाली मोझेकची किनार, भिंतीवर पिएर ब्राक यांची उठावशिल्पं. वीट थंड आणि लाकूड उबदार, दोन्ही एकमेकांना भेटतात ती रेघ बोट फिरवून बघण्यासारखी आहे. (संग्रहालयात हात लावू देत नाहीत, डोळ्यांनी फिरवा.)

पण तुमच्यासाठी मुद्दा वेगळा आहे. हॉर्टांनी दोन पुढच्या बाजू मुद्दाम वेगळ्या केल्या. घराला लोखंडी कठड्याची गॅलरी आणि राहत्या घराची खिडकी. स्टुडिओला वर ड्रॉइंग करणाऱ्यांसाठी मोठ्या काचा. दारंही दोन. आतून मात्र दोन्ही जोडलेली, कारण ये-जा करणारा माणूस एकच होता: मालक, आर्किटेक्ट, रहिवासी, तिन्ही तोच. म्हणजे न्यूयॉर्कच्या बरोबर उलट. तिथे चेहरा एक आणि संसार दोन, इथे चेहरे दोन आणि संसार एक. पहिल्या महायुद्धाची वर्षं अमेरिकेत काढून हॉर्टा १९१९मध्ये परतले आणि त्यांनी दोन्ही इमारती विकल्या. त्या वेगवेगळ्या हातांत गेल्या. ते शक्य झालं कारण प्रत्येकीला स्वतःचं दार आणि स्वतःचा जिना होता. मधली वाट बंद केली की वाटणी पुरी. ६५व्या रस्त्यावरच्या घरांना रस्त्यावरचं दारच सामाईक, त्यामुळे एक विकून दुसरं ठेवणं इतकं सरळ नव्हतं. सेंट-गिलच्या नगरपालिकेनं हॉर्टांचं घर १९६१मध्ये घेतलं, १९६९मध्ये तिथे संग्रहालय उघडलं आणि पुढे स्टुडिओही परत जोडला. हॉर्टांचे सहकारी राहिलेले झाँ देले यांचा यामागे मोठा हात. त्याच दशकात, १९६५मध्ये, हॉर्टांनी बांधलेलं मेझों द्यू पप्ल, म्हणजे लोकभवन, ब्रसेल्सनं पाडलं, हे विसरू नका. २०००मध्ये त्यांची चार शहरी घरं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात हे आहे.

वाटणीवरून आठवलं. आपल्याकडच्या वाड्यांची दुरुस्ती करताना बुजवलेली दारं वारंवार सापडतात. गिलावा खरवडला की मध्येच विटेचं माप बदलतं, चुन्याऐवजी सिमेंटचा सांधा दिसतो, वर जुनी लाकडी तुळई तशीच आणि खाली झिजलेला उंबरठा. भावाभावांची वाटणी कोणत्या पिढीत झाली ते त्या सांध्यावरून अंदाजानं सांगता येतं. मोजणी करताना अशा जागा मी मुद्दाम तांबड्या रंगानं दाखवतो. तुम्हीही रूझवेल्ट घराचे मूळ नकाशे आणि आजचे नकाशे एकावर एक ठेवा आणि फक्त मधल्या भिंतीतले फरक रंगवा.

कारण तिथेही भिंत बदलत गेलीय. साराबाई सप्टेंबर १९४१मध्ये वारल्या. घरं त्या काळी मुलींचं असलेल्या हंटर कॉलेजनं घेतली. किंमत राष्ट्राध्यक्षांनी उतरवून दिली आणि पुस्तकांसाठी देणगीही दिली. नोव्हेंबर १९४३मध्ये तिथे साराबाईंच्या नावानं वेगवेगळ्या धर्मांच्या विद्यार्थिनींना एकत्र भेटायची जागा सुरू झाली. उद्घाटनाला एलिनॉर होती. दोन संसार संपले, एक संस्था आली, आणि भिंतीचं जुनं काम संपलं. शहरानं १९७३मध्ये या जोडघराला वारसावास्तू ठरवलं, १९८०मध्ये ही वास्तू ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली. १९९२मध्ये जीर्ण होऊन बंद पडली, आणि पोल्शेक पार्टनरशिप या आर्किटेक्ट फर्मनं नव्यानं उभी करून २०१०मध्ये सार्वजनिक धोरणाचं अभ्यासकेंद्र म्हणून ती उघडली. जोडघर वारसा म्हणून जपताना नेहमीचा पेच असा की नव्या वापराला दोन्ही बाजू जोडलेल्या हव्या असतात आणि इतिहासाला त्या वेगळ्या हव्या असतात. पुरेशी दारं उघडलीत की संस्था सुखी, पण दोन घरं होती हेच कळेनासं होतं. दोन जिने शाबूत ठेवले आणि प्रवेशातली दोन दारं राखली तर बाकी बरंच माफ करता येतं, असं माझं मत आहे.

शीट कशी करायची ते सांगून थांबतो. पहिली शीट साराबाईंच्या चिठ्ठीतल्या चित्राची. दुसरी, २० फूट रुंदीच्या तीन घरांचे प्लॅन एकाच प्रमाणात शेजारी शेजारी: जुनं ब्राऊनस्टोन, अमेरिकन बेसमेंट, आणि प्लॅट यांची जोडी. तिसरी, मधल्या भिंतीचा उभा छेद, फक्त त्या भिंतीचा, सगळ्या मजल्यांसकट, धुराडी आणि तुळयांची टोकं दाखवून. चौथीवर ब्रसेल्स. दर्शनी भागाचं रेंडरिंग शेवटी, वेळ उरला तर. परीक्षकांनी ते आधी मागितलं तर तिसरी शीट त्यांच्यापुढे सरकवा आणि वरच्या मजल्यावरच्या दारावर बोट ठेवून बोलायला सुरुवात करा.